मोठी चाकं

मंगळवार, संध्याकाळ

आज भर रस्त्यात मी माझ्या लहान भावाला, नितीनला, मारलं. पाठीचं ऑपरेशन झालेल्या बाबांना आम्ही दवाखान्यातून रांझीला घरी आणून राहिलो होतो. नितीननं गाडीला मोठ्या रिमची चाकं लावली, त्यामुळे त्यांवरचा टायर पातळ, आणि प्रत्येक खड्डा थेट बाबांच्या टाक्यांत. हळू चालव म्हटलं, तर म्हणे, "भैया, मोड़ पे देखो, कैसी चिपक के चलती है." त्याच वळणावर बाबा किंचाळले. गाडी थांबवायला लावून मी त्याला बाहेर ओढलं, ओठ फुटला तरी मारतच राहिलो. काहून थांबलो नाही मी?

"त्याले काहून मारून राहिला?" बाबा आतून म्हणाले. "चाकं मीच पसंत केली होती."

नितीन रक्त पुसून पुन्हा स्टेअरिंगवर बसला, अगदी सावकाश निघाला. मी बाबांच्या पाठीला हात लावला. त्यांनी तो बाजूला सारला.