क्रमांकाची पट्टी न बसणारा संगणक

प्रति,
मा. साधन वाटप अधिकारी,
रुग्ण साहाय्य विभाग,
दुसरा मजला, खोली क्रमांक नऊ.

विषय : अंथरुणाला खिळलेल्या पतीसाठी निवडलेला लहान संगणक, त्यावर कार्यालयाची पट्टी बसत नसली तरी, मंजूर होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) तिसऱ्या अर्जावरील आपल्या कार्यालयाचा शेरा : 'पट्टी बसत नाही. निवड बदलावी.'

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार घरी शिवणकाम करते व तिचे पती कारखान्यात लेथवर टर्नर होते. गेल्या दीड वर्षात आजाराने त्यांचे पाय गेले, मग हात, मग वाचा. ऐकू सर्व येते, समजते सर्व, आणि रागही पूर्वीइतकाच येतो. हलतो तो फक्त उजव्या हाताचा अंगठा. संगणकाला मोठे बटण जोडले की पडद्यावर एकेक अक्षर उजळत जाते व हवे ते आले की अंगठ्याने दाबायचे, याप्रमाणे असा माणूस बोलू शकतो. आपल्या विभागाकडून असा संगणक वापरायला मिळतो आणि कोणता हवा हे रुग्णाने स्वतः निवडायचे असते. ही सोय अर्जदारास फार चांगली वाटली. कागदावर ती अजूनही चांगलीच वाटते.

२. यादीत चार संगणक होते. त्या वेळी पतींना अडखळत का होईना बोलता येत होते. त्यांनी निवडीला नऊ दिवस घेतले, कारण आयुष्यभर अर्ध्या मिलिमीटरवरून साहेबांशी भांडलेला माणूस. अर्जदाराने शिवणाची टेप काढली तर म्हणाले, 'टेपनं नको मोजू, व्हर्निअर आण.' मोठी पेटी पहिल्याच दिवशी बाद झाली, कारण पलंग आणि भिंत यांच्यात एकवीस सेंटिमीटर जागा आहे व तिथून नर्सबाईंना आत शिरावे लागते. मांडीवरचा संगणक पलंगाच्या सरकत्या फळीला पेलेना. तिसरा आकाराने बरा होता, पण त्याच्या पंख्याची घरघर होती. त्यावर पती म्हणाले, 'तू स्वयंपाकघरात काय बडबडतेस ते ऐकू यायला पाहिजे. माझ्याविरुद्धच असतं सगळं.' चौथा डब्याएवढा, बारा सेंटिमीटर चौरस, बिनपंख्याचा, पडद्याच्या पाठीला चार स्क्रूंनी बसणारा. 'हाच,' म्हणाले. 'आता अर्ज लिही.' ते शेवटचे काम दोघांनी मिळून केले.

३. इथेच घोडे पेंड खाते. आपल्या कार्यालयाच्या प्रत्येक वस्तूवर क्रमांकाची लोखंडी पट्टी चार रिवेट मारून बसवावी लागते. पट्टी वीस सेंटिमीटर लांब आहे आणि संगणक बारा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते अर्जदाराने आजवर ऐकले होते, आता समक्ष पाहिले. भांडार लिपिक म्हणाले, 'बाई, पट्टी नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर वस्तू नाही.' पट्टी पडद्यावर लावावी असे सुचवले, तर पडद्याला त्याची स्वतःची पट्टी आहे व एका वस्तूला दोन चालत नाहीत. पलंगावर म्हणावे, तर पलंग रुग्णालयाचा, त्यावर त्यांचा पत्रा आधीच आहे. पिशवी शिवून पट्टी तिच्यात घालते म्हटले, तेव्हा लिपिकांनी हसून चहा मागवला. माणूस वाईट नाही. लहान पट्टी का होत नाही असे विचारता कळले की, पट्टीचा साचा एकच असून नोंदवहीत मापही छापलेले आहे. घरी हे सांगितल्यावर पती मोठ्याने हसले व त्यांना ठसका लागला. 'दोन तासांचं काम,' म्हणाले. 'मला कारखान्यात उचलून न्या, मी साचा काढून देतो.' त्यानंतर आठवड्याभरात वाचा गेली.

४. दरम्यान आपल्या कार्यालयाने मोठी पेटी तात्पुरती म्हणून पाठवली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तिच्यावर पट्टी सुरेख बसली आहे. पेटी खोलीत मावत नसल्याने बाहेर बोळात उभी आहे व येणारे जाणारे तिच्यावर छत्र्या ठेवतात.

५. व्यायाम देणाऱ्या बाईंनी सांगितले आहे की अंगठ्याचा जोर रोज कमी होतो आहे, फार तर महिनाअखेरपर्यंत चालेल असे धरून चाला. निवड बदलावी असा आपला शेरा आहे. परंतु निवड पतींनी स्वतः केलेली असून आता त्यांना दुसरी करता येणार नाही, आणि त्यांच्या वतीने अर्जदार ती बदलणार नाही. तरी विनंती की, पट्टी भिंतीवर, दारावर, आपल्याला योग्य वाटेल तिथे ठोकावी. काहीच जमत नसल्यास अर्जदाराच्या पाठीवर ठोकावी. वीस सेंटिमीटर भरते, मोजून पाहिले आहे. पण संगणक या आठवड्यात द्यावा.

६. वरील मजकूर सोमवारी लिहिला. आज गुरुवार आहे.

काल अर्जदार आपल्या कार्यालयातून परत आल्यावर पतींनी अंगठा हलवून तिला जवळ बोलावले. हल्ली अर्जदार एकेक अक्षर म्हणते, आधी अक्षर, मग काना-मात्रा, आणि ते तिच्या तळहातावर अंगठा दाबतात. एरवी एका शब्दावर भागते. पाणी, कूस, उशी. काल ते थांबेनात. 'संगणक' झाला, मग 'न' आला. अर्जदार घाईने 'नवा का?', 'नंतर का?' विचारत राहिली आणि अंगठा गप्प राहिला. उद्या सांगा म्हटले तर रागाने डोळे मिटून घेतले. दोन तास लागले. पुरे झाले ते असे : 'संगणक नको. तू घरी थांब.'

आज सकाळपासून अंगठा हललेला नाही.

या कामी अर्जदाराचे एकोणीस दिवस आपल्या जिन्यावर आणि बाकावर गेले. त्या एकोणीस दिवसांत अंगठा चालत होता. घरी बसून अक्षरे म्हटली असती तर ते आणखी किती बोलले असते, कोण जाणे. हा आरोप नाही. आपल्या माणसांनी नियम पाळला. अर्जदाराला राग स्वतःचा येतो आहे, आणि तो कोणत्या खिडकीवर द्यावा ते तिला माहीत नाही.

७. सबब, विषयात लिहिलेली विनंती आता राहिलेली नाही. यापूर्वीचे तीन व हा चौथा, असे सर्व अर्ज मागे घेतले आहेत. बोळातली पेटी आपल्या सवडीने न्यावी. हा कागद नर्सबाईंच्या हाती पाठवला आहे. अर्ज मागे घेताना अर्जदाराने समक्ष हजर राहून सही करावी असा नियम असल्याचे भांडार लिपिकांकडून पूर्वीच कळले आहे. अर्जदार हजर राहणार नाही. तिला घरी थांबायला सांगितलेले आहे.

कळावे,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार, रुग्णाची पत्नी
गुरुवार, दुपार

सोबत : पतींनी सांगितलेल्या मापांचा कागद, एक. काम झाल्यावर परत मिळावा.