जोडसुखाच्या बरण्या

प्रिय सूलान,

रागावू नकोस, पण मला कळलंय. परवा व्हिडिओ कॉलवर तू हसून "सगळं छान चाललंय, आई" म्हणत होतीस आणि तुझ्यामागे खिडकीत तुझ्या लग्नातल्या बरण्या दिसत होत्या. एकीत चक्क चॉपस्टिक खोचलेल्या! तुझ्या सासूबाईंनी त्या कपाटावरून कुणाला हलवूसुद्धा दिल्या नसत्या. म्हणजे नवऱ्याचं, काइमिंगचं घर सोडून तू एकटी राहतेस. बरण्या त्याच, यात शंका नाही. वेलीच्या पानाबाहेर पसरलेला निळा डाग माझ्याच हातचा आहे.

डाग तरी कसला, तुझ्या बाबांच्या बडबडीचा. लग्नाच्या बरणीवरचं जोडसुखाचं शुभ अक्षर आणि भोवतीच्या वेली रेखून त्यांचं काम संपलं होतं, रंग भरायचा होता मला. आपल्या जिंगदेझेनच्या चिनीमातीच्या कामात रेघा ओढणारा रंगात लुडबुड करत नाही, पण हे आपले माझ्या डोक्याशी उभे. "जपून गं, लेकीच्या आहेत!" मी दचकले आणि कुंचल्यातला रंग सांडला. भट्टीतून बरणी निघाल्यावर मी रडवेली झाले, तर म्हणाले, "नानचांगला तिच्या सासरी कोण भिंग लावून बघतंय?"

त्यांना सांगू नये असं तुला वाटत असणार. लग्नाचं कौतुक त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं, त्यामुळे मलाही धास्ती होतीच. तरी सांगितलं. त्यांनी हातातला कुंचला धुतला, जेवले नाहीत. मी म्हटलं, बरण्या तरी सोबत आणल्यात पोरीनं. तर भडकलेच. "बरण्यांचं काय घेऊन बसलीस? तशा दहा रंगवू. पोरगी तिथं एकटी जेवते!" संध्याकाळी शेजारच्या त्साओ काकूंनी खोचकपणे विचारलं, "काय, जावईबापू येणार का सणाला?" हे म्हणाले, "लेक येणारेय. तेवढं पुरे आम्हाला." मला भरून आलं गं. चूक कुणाची, हे इथं कुणी तुला विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर राहू दे.

हे पत्र टपालानं आलेलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आणणारा माणूस समोर उभा आहे. गाडीत काय काय बोलायचं ते घोकत आले असतील, पण तुला बघून त्यांना एक शब्द फुटणार नाही, म्हणून मी लिहून दिलं. हातातल्या पिशवीत तिखट सारणाच्या उकडलेल्या करंज्या आहेत. तुझं वाचून होईपर्यंत ते बुटांकडे बघत राहतील. आता पत्र खाली ठेव आणि बाबांना घरात घे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई