बारा आणे काम

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता काय बोलायचं असं कोणीही म्हणेल. पण त्या पाइपलाइनबद्दल मी एकदाही तोंड उघडलेलं नाही, आणि उघडायचं तर तुमच्यापुढंच.

तुम्ही गावच्या सहकारी पाणी संस्थेचे सचिव आणि मी त्याच पाइपलाइनच्या कामावरचा नवा ओव्हरसियर. धरणाचं पाणी उचलून दिवाळीच्या आत गावच्या रानात आणायचं होतं. संस्थेच्या भिंतीवर नकाशा टांगलेला. जेवढा चर खोदून होई तेवढी रेघ मी लाल पेन्सिलीनं भरायचो. गावाकडून आणि धरणाकडून, दोन्हीकडून मऊ माती. मजूर भराभर पुढं सरकायचे, रेघही भराभर लाल व्हायची. मधली टेकडी तेवढी राहिली. सगळा काळा पाषाण; सुरुंग लावल्याशिवाय कुदळ तिथं नुसती टणटण वाजायची. नकाशावर ती बोटाच्या पेराएवढी दिसायची, आणि खरं काम तेवढंच होतं. मी मात्र लांबी मोजत बसलो. नकाशा बघून लोक खूश, मी त्यांच्याहून खूश.

त्या वर्षीच्या दुष्काळात एकदाच बरा पाऊस झाला, तेव्हाची संध्याकाळ. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय. भाकरी मोडता मोडता विचारता, "किती झालं रे काम? लोक मोसंबीची रोपं आणायची म्हणतेत. लावा म्हणू का त्यान्ला?"

"बारा आणे झालंय, नाना. लावू द्या."

"अन् टेकडीचं?"

"होतंय की तेही."

तुम्ही आईकडं बघून हसलात. "पोरगं शिकलं त्याचं चीज झालं बघ," म्हणालात, आणि स्वतःच्या ताटातलं दही माझ्या भाकरीवर घातलंत. गाय आटत आलेली, घरात तेवढंच दही होतं. मी ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सभेत सांगितलंत आणि तुमच्या शब्दावर गावानं रोपं लावली. पाऊस पुन्हा फिरकला नाही. दिवाळी आली, गेली. चर दोन्हीकडून टेकडीला टेकून थांबलेला. बाया डोक्यावर हंडे वाहून रोपं जगवत होत्या, मग प्यायलाच पाणी पुरेना तेव्हा तेही थांबलं. संक्रांतीपर्यंत रानात नुसत्या काटक्या उरल्या. सभेत एक जण उठला, "सचिव, आमी तुमच्यावर भरवसा ठेवला. पाणी कावून न्हाई आलं?" मी तुमच्या शेजारीच बसलो होतो. तुम्ही उभे राहिलात. "अंदाज माझा चुकला. माफी करा." मी सतरंजीकडं बघत राहिलो. लाज वाटली, पण उठवलं नाही. घरी येताना तुम्ही एवढंच बोललात, "टेकडीचं मी तुला इचारलतं." त्यानंतर सचिवपद सोडलंत. सकाळी ओट्यावर सल्ल्याला येणारी माणसं हळूहळू यायची बंद झाली, आणि तुम्ही तरी तिथंच बसायचात.

पुढं टेकडी फुटली आणि पाणी आलं, तुमच्या डोळ्यांदेखत आलं. पंप सुरू करायला तुम्हाला नाही, मला बोलावलं. मी गेलो, हार घालून घेतला. तुम्ही मागं उभे होतात.

नवखा होतो, मोजमाप कळत नव्हतं, अशी मी आयुष्यभर स्वतःची समजूत घातली. थाप आहे ती. तुम्ही दही घातलंत त्याच दिवशी सकाळी मी मांजरसुंब्याला सुरुंगवाल्याला भेटून आलो होतो. ढाब्यावर चहा पिता पिता तो म्हणाला होता, "होळीच्या आत मशीन मिळत न्हाई, सायेब. लई कामं हायेत." हे पोटात ठेवून मी संध्याकाळी तुमच्यासमोर जेवायला बसलो. तुम्ही इतक्या कौतुकानं बघत होतात, नाना, की मला ते मोडवेना. माझ्या कौतुकापायी तुमचा शब्द गेला.

हे आईला वाचून दाखवावं म्हणून लिहायला घेतलं होतं. ती पलीकडच्या खोलीत आहे, कान अजून शाबूत आहेत. पण दाखवणार नाही, हे लिहितानाच कळत गेलं. परवा ती माझ्या नातवाला सांगत होती, "तुझ्या पणजोबान्ला कामातलं काई कळत नव्हतं रे. समद्या गावाची रोपं वाळवली त्यांनी." पोरानं माझ्याकडं बघून विचारलं, "खरं का, आजोबा?"

मी हो म्हणालो.