मालकाचे नाव

धुळे, १४ मार्च १९८९

वच्छलाबाई धनसिंग गिरासे,

नरडाण्याच्या मसाला कारखान्यात काल माझी मुलाखत झाली. गिरणी बंद पडल्यानंतरच्या वर्षांचा अनुभव अर्जात दाखविणे भाग होते. मी लिहिले : पापड-बिबड्यांचा घरगुती व्यवसाय, मालक माझी दिवंगत पत्नी; मी मदतनीस.

तुझ्याकडे पापड लाटणाऱ्या भागाबाईने आधीच बजावले होते, "भाऊ, मालक म्हनीसन तुमनंच नाव लिखा. वहिनी आते काय वाचाले येस का?" बाजारातही माल 'गिरासे भाऊंचे पापड' म्हणूनच खपत असे, आणि तू ते कधी दुरुस्त केले नाहीस.

अर्ज वाचून मुलाखत घेणारे साहेब हसले. "बी.कॉम. होऊन बायकोच्या हाताखाली? हे खोडा, स्वतःला मालक लिहा. सुपरवायझरची जागा तुमची." त्यांनी पेन पुढे केले.

घरात दुसरी मिळकत नाही, हे तुला सांगावयास नको. मी पेन घेतले.

"मग तिने काय केले, असे लिहू?"

"तिचे कशाला लिहिता? नोकरी तुम्हाला हवी आहे ना?"

मी टोपण लावून पेन परत दिले.

"तर मग मदतनीसाचीच जागा आहे," ते म्हणाले. "पोती उचलावी लागतील."

मी होकार दिला. सोमवारी हजर व्हावयाचे आहे.

पापडाची भाड्याची खोली आज रिकामी केली. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या घरमालक सोहनलालजींना परत केल्या.

धनसिंग झुलाल गिरासे