भूकंपाच्या खोलीची वाटणी

मी, नानासाहेब सांडू पाथ्रीकर, वय त्र्याहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार छावणी, औरंगाबाद, कोणाच्या दडपणाखाली न येता, राजीखुशीनं हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दोन पावलांवर दम लागतो, पण डोकं जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्यानं येऊन माझ्याकडून पावकीचा पाढा ऐकून जावा.

कलम १. राहतं घर, मागची खोली सोडून, मुलगा रामकिसन याला. माझी पत्नी कै. आशाबाई हिनं जन्मभर शेजारणीकडं जाऊन मिरची कुटली, कारण घरात कुटलं की माझ्या भूकंप टिपणाऱ्या यंत्राची सुई नाचायची. मागच्या खोलीत खडकापर्यंत खणून बांधलेला यंत्राचा ओटा आहे. यंत्र आता बंद आहे, सुनेनं घरात खुशाल मसाला कुटावा. आशा, तुला कुटू दिलं नाही, ते माझं चुकलंच.

कलम २. फुलंब्रीच्या जमिनीतला माझा हिस्साही रामकिसनला. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत थोरले बंधू काकासाहेब यांनी बांध सरकवला, तो आता तसाच राहू द्यावा. बांध माफ. मला गावभर ‘भूकंप्या’ म्हणत हिंडले, ते माफ नाही.

कलम ३. यंत्र एखाद्या शाळेला द्यावं. ते मी आणि छावणी बाजारातला घड्याळं दुरुस्त करणारा माझा दोस्त हैदर, दोघांनी मिळून केलं. फिरता रूळ, त्यावर कंदिलाची काजळी धरलेला कागद आणि कागदावर सुई. लांब कुठं जमीन हादरली की सुई काजळी खरवडून पांढरी रेघ काढायची. जपान, सुमात्रा, सगळं घरबसल्या. ज्वालामुखीची थरथर सापडावी ही माझी हौस. एकदा सापडली म्हणून अंगणात नाचलो, तर ती निघाली पिठाची गिरणी!

मोठा धक्का सापडला की एकमेकांना गोड भरवायचं, ही आमची रीत. तिकडं माणसं मरत असतील हे मला कळत होतं, तरी भरवत होतो. आता लिहितानाही लाज वाटते.

कलम ४. मागची खोली, रस्त्याकडच्या दारासह, शेख हैदर शेख चाँद यास दुकानासाठी द्यावी. त्याचं कारण रामकिसनला ठाऊक आहे, पण नातवंडांना नाही, म्हणून लिहितो.

सन २००१, सव्वीस जानेवारी. झेंडावंदन करून जिलबी घेऊन घरी आलो, सोबत हैदर होता. कागदावर एवढी मोठी रेघ आम्ही जन्मात पाहिली नव्हती. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, तशा भूकंपाच्या दोन लाटा मागंपुढं येतात. दोन्हींतल्या वेळेवरून भूकंप किती लांब झाला ते कळतं, पण आमच्या यंत्रावरून कोणत्या दिशेला झाला ते कळत नाही. म्हणून मी नकाशावर औरंगाबादेला कंपास रोवून वर्तुळ काढलं. ते राजस्थानातून, कच्छातून आणि अरबी समुद्रातून गेलं.

हैदर म्हणाला, “सर, आमचा दाऊद तिकडंच हाय. कच्छात, फरशीच्या कामाला.”

मी म्हणालो, “अरे, एवढा समुद्र पडलाय, तुला कच्छच दिसतंय व्हय? खा!” आणि जिलबी त्याच्या तोंडात घातली.

दुपारी रेडिओवर कच्छचं नाव आलं. हैदरचा एकुलता एक मुलगा भाड्याच्या खोलीतच गाडला गेला होता.

मी समुद्र म्हणालो त्याला कसलाही आधार नव्हता. माझ्या आनंदात मला विरजण नको होतं, एवढंच. त्या दिवशी यंत्र बंद केलं. हैदर मात्र पूर्वीसारखाच येत राहिला. त्याची बायको, नजमुन्निसा भाभी, अजूनही ईदला शीरखुर्मा पाठवतात आणि मी वाटी तशीच झाकून ठेवतो. दोघांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुरुस्ती. कलम ४ मी आज खोडलं आहे. वकील म्हणाले, ज्याला मिळकत देता त्याचीच साक्ष घेऊ नका, दोन्हींतलं एक ठरवा. मी हैदरला सगळं वाचून दाखवलं. हैदर म्हणाला, “मी साक्षीदार. खोली नको, सर. घेतली तर रोज तिथं बसावं लागंल.”

मी कलमावर काट मारली. मग तोच म्हणाला, “आन् लिवायचं तर पुरं लिवा. एक तुम्ही भरवली. दुसरी मीच हात पुढं करून मागून खाल्ली.”

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं.

“लई गोड लागली होती, सर. दाऊदच्या अम्मीला अजून सांगितलं नाय.”

हे लिहू का, म्हणून मी दोनदा विचारलं. तो “लिवा” म्हणाला, म्हणून लिहिलं. खोली रामकिसनकडं राहील. हैदर कधी आला तर, म्हणून तिला कुलूप घालू नये.

औरंगाबाद, १२ फेब्रुवारी २००५

लिहून देणार : नानासाहेब सांडू पाथ्रीकर (सही)

साक्षीदार १ : बन्सी रामराव तुपे, शेजारी (सही)

साक्षीदार २ : शेख हैदर शेख चाँद (सही उर्दूत). दोन्ही जिलब्यांचं लिहिलेलं खरं आहे.