पहिलं ‘नको’

प्रिय चिहो,

हे पत्र अकरा दिवस चाललंय. कुराशिगेबाई समोर बसून आपल्या अक्षरमालेच्या ‘अ, का, सा, ता’ अशा ओळी म्हणतात. हवी ती ओळ आली की मी डोळे मिटते. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर म्हणतात, मी पुन्हा मिटते. तेव्हा कुठे एक अक्षर कागदावर उतरतं. माझी देखभाल करायला येण्याआधी बाईंनी तीस वर्षं बंदरावर मासळी विकली, त्यामुळे आवाज शेजारपाजारी ऐकू जातो आणि धीर अजिबात नाही. काल म्हणाल्या, “ओकुदेबाई, एवढं पाल्हाळ कशाला? मुद्द्याचं बोला, पापण्या झिजतील तुमच्या.” म्हटलं, हेही लिहा. पण अंदाजाने माझं वाक्य पुरं करायचं नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ते मात्र त्यांनी पाळलंय.

आपल्या घरच्या अबॅकसच्या शिकवणीत मुलं डोळे मिटून हवेत बोटं हलवायची, आठवतं? तू आठ वर्षांची असताना मी गंमत म्हणून तुझे दोन्ही हात धरले आणि बेरीज सांगितली. तू रडायला लागलीस. “आई, बोटं सोड ना, मला विचारच करता येत नाहीये.” पुढे कितीतरी वर्षं मी पालकांना ठासून सांगायची, मन बोटांत असतं म्हणून. आता माझी बोटं पांघरुणावर दुसऱ्या कुणाची असावीत तशी पडून असतात, आणि डोक्यातले मणी पूर्वीपेक्षा झरझर फिरतात. रोज सकाळी मी पाच आकडी गुणाकार करते. बरोबर आला की सांगायला कुणी नसतं. डॉक्टर म्हणतात, मेंदू धड आहे, फक्त त्याचे निरोप पोचवणारे मज्जातंतू मरत चालले आहेत. म्हणजे मी आत सगळीच्या सगळी आहे आणि दारं तेवढी एकेक करून बंद होताहेत. फार कोंडल्यासारखं होतं गं, चिहो. नाकावर माशी बसली तर ती उडेपर्यंत तिचाच विचार करावा लागतो.

फेब्रुवारीत तुझ्या बाबांचं वर्षश्राद्ध झालं. बर्फाने गाड्या बंद होत्या म्हणून तू ओसाकाहून येऊ शकली नाहीस. त्या दिवशी भिक्षूंचं पठण रंगात आलं आणि मला हसू फुटलं. हसण्यासारखं काही नव्हतं. मी बाबांच्या फोटोकडे बघत होते, आत हुंदका दाटला होता आणि तोंडातून मात्र खदाखदा हसू. थांबवता थांबेना. तोमोए आत्या लाल झाल्या. “नवऱ्याच्या फोटोपुढे? शोभतं का हे?” कुराशिगेबाईंनी माझी चाकाची खुर्ची ढकलत स्वयंपाकघरात नेली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हाही आजाराचाच भाग आहे. हसण्यारडण्यावरचा मेंदूतला लगाम सैल होतो, मनात काहीही असो, चेहरा हसतो. आधी म्हणाले मेंदू धड आहे, आता म्हणतात लगाम सुटलाय. बरं, मेंदू माझाच ना? मग तो मला न विचारता हसतो कसा? आणि त्याच्यावर मी चिडते ती कुठे बसून? डॉक्टरांना हे विचारायचं होतं, पण तेवढी अक्षरं सांगेपर्यंत त्यांनी फोन ठेवला असता.

मग मला ऑक्टोबर आठवला. तू आणि तोमोए आत्या शेजारी होतात. डॉक्टरांनी समजावलं की श्वास कमी पडायला लागला की घशाला भोक पाडून यंत्र लावता येईल, पण एकदा लावलं की ते काढत नाहीत, तेव्हा आत्ताच ठरवा. तेव्हा माझी जीभ जराशी वळत होती. मी म्हणाले, नको. तू नुकतंच सांगितलं होतंस की नोकरी सोडून इकडे येते, आणि ते मला होऊ द्यायचं नव्हतं. आपल्याकडे कुणी पर्सिमॉनचं एखादं फळ जरी पुढे केलं तरी आधी नकोच म्हणतात. समोरचा पुन्हा आग्रह करतो, मग घ्यायचं. माझं ते पहिलं ‘नको’ होतं. मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होते. पण तेवढ्यात मला हसू फुटलं, आणि तुम्हा सगळ्यांना वाटलं, किती शांत आहे ही. तोमोए आत्यांनी डोळे पुसले. डॉक्टर वाकून नमस्कार करून उठले. नवीन वर्षाच्या पत्रात तू लिहिलंस, ‘तुझ्या त्या हसण्यामुळे मला बळ येतं.’ ते वाचल्यावर खरं सांगायची माझी हिंमतच गेली. पुन्हा कुणी विचारलंच नाही.

आता दुपारी दम पुरत नाही. येत्या गुरुवारी डॉक्टर घरी येणार आहेत, तूही येते आहेस, म्हणून हे पत्र. चिहो, मला यंत्र हवंय. मला जगायचंय. मला भीती वाटते, आणि या वयात इतकं मागायची लाजही वाटते, तरी हवंय. तू नोकरी सोडायची नाहीस. पाळीपाळीने रात्रंदिवस माझ्या देखभालीला येणाऱ्या बायकांसाठी कुराशिगेबाईंनी नगरपालिकेत अर्ज दिलाय, आणि त्या कचेरीत त्या काय आवाजात बोलल्या असतील ते तू समजू शकतेस. आत्ता ही अक्षरं मात्र त्या अगदी हळू म्हणताहेत. गुरुवारी तू विचारशील तेव्हा मला बहुतेक हसू येईल. माझ्या तोंडाकडे बघू नकोस. हसू ओसरेपर्यंत थांब, आणि मग पुन्हा एकदा विचार.

तुझीच,
आई