उशिरा म्हटलेलं ‘तिष्ठ’

प्रिय इर्मा,

सर्वप्रथम माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुझं पार्सल पोचलं आणि त्यातून याही वर्षी लोकरीच्या मोज्यांचे चार जोड निघाले. ज्या गावात माणसं सहाशे आणि मेंढ्या नऊ हजार, त्या गावाला जर्मनीहून लोकर पाठवणाऱ्या बहिणीचं काय करावं, हे मी पढलेल्या कोणत्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. शिवाय माप बाबांच्या पायाचं. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि छप्पन्न वर्षं प्रयत्न करूनही माझे पाय त्यांच्याएवढे झालेले नाहीत. त्यातले दोन जोड मी प्रार्थनाघरातल्या बाकाच्या चार पायांना घातले आहेत. आता आमेलिया आजी झोपेत डुलल्या तरी फरशीवर आवाज होत नाही आणि प्रवचन अखंड चालतं. तेव्हा अगदीच वाया गेले म्हणून रडू नकोस.

मंडळी आहे तशीच आहे. सात म्हाताऱ्या आणि मी. शहरातून पाळक सहा आठवड्यांनी येतात, मधल्या रविवारी मीच वाचतो. नवरोजच्या आधी सगळं गाव कालवा साफ करायला उतरलं, तेव्हा आमच्या साती जणी फावडी घेऊन सर्वांत आधी हजर होत्या. त्यांना कुणी म्हटलं, आजी, तुम्ही बसा, तर आमेलिया आजी म्हणाल्या, “बसायला मी कबरीत जाणारच आहे, आधी पाणी वाहू दे.” गावात कुणीही आजारी पडलं, मग तो नमाजी असो की काहीच न मानणारा असो, त्याच्या दारात दुपारी यांचं सूप पोचतं. मला त्यांचा हेवा वाटतो. धर्म म्हणजे काय असं विचारलं तर त्या पातेलं दाखवतील. मला विचारशील तर मी तीन मतं सांगेन आणि चौथं खाली टीप म्हणून देईन.

ओरिनबायने तुझी चौकशी केली आहे. तो अजून शाळेची बस चालवतो. इथल्या रीतीनं आम्ही दोघे एका वर्षी जन्मलेले, म्हणजे एकमेकांना वाटेल ते बोलायचा परवाना जन्मतःच मिळालेला, आणि तो परवाना त्याने एक दिवसही फुकट घालवलेला नाही. भेटला की सुरू. “काय रे जर्मन, अजून गेला नाहीस? तुझ्या देशाने तुला नाकारलं का काय?” मी म्हणतो, हाच माझा देश, इथलाच पासपोर्ट आहे. तो म्हणतो, “पासपोर्ट माझ्या गाढवालाही मिळेल, फोटो तेवढा चांगला यायला हवा.” कुल्याश वहिनी आतून ओरडतात, “गाढवाचा फोटो तरी हसरा येईल!” तीस वर्षं हाच चहा आणि हाच तमाशा.

त्याच्या आजीची गोष्ट तुला मी सांगायला नको, पण लिहितो. आज ती माझ्या डोक्यातून जातच नाही. एक्केचाळीसच्या हिवाळ्यात आपल्या आजीला मालगाडीतून ह्या माळावर उतरवलं, तेव्हा कडेवर तीन महिन्यांचे बाबा होते. युद्ध चालू होतं, आणि गावाला सांगितलं होतं, हे जर्मन, म्हणजे शत्रू आहेत. ओरिनबायच्या आजीने ते ऐकून घेतलं, आणि आपल्या एका खोलीच्या घरात चुलीला लागून असलेली जागा ह्या शत्रूंना दिली. स्वतःची मुलं दाराकडे निजवली. बाबा आपल्याला देवाच्या दहा आज्ञा पाठ करायला लावायचे, आणि ‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा आली की बोटाने पलीकडचं घर दाखवायचे, आठवतं? मला लहानपणी वाटायचं की शेजारी ह्या शब्दाचा अर्थच ओरिनबायचं घर.

त्याची नजर गेली आहे, इर्मा. म्हणजे चालली आहे. साखरेने डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरतं. शहरातल्या डॉक्टरने गेल्या उन्हाळ्यात स्पष्ट सांगितलं, आहे तेवढं सांभाळू, गेलेलं परत येणार नाही. आणि ऑक्टोबरमध्ये ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी होती.

आता पुढचं वाचताना हसू नकोस. किंवा हस, मीही तेव्हा हसलो होतो. डोळे तपासायचा तो तक्ता तुला आठवत असेल. आपल्या त्या जुन्या अवाढव्य देशात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळीकडे एकच टांगलेला असायचा, अजूनही तोच आहे. वर श आणि ब, त्याखाली म, न, क. तेवढ्या दोन ओळी तर न बघता कुणीही म्हणेल. ओरिनबाय माझ्याकडे आला आणि म्हणाला, “तू ताश्कंदला पाच वर्षं पोपटपंची शिकलास ना? मला खालच्या दहा ओळी शिकव.” तुला माहीत आहे, संस्कृत शिकून आलेला मी ह्या जिल्ह्यातला एकमेव प्राणी, आणि तीस वर्षांत त्या विद्येची गरज कुणाला म्हणून पडली नव्हती. माझा अहंकार फुलला. अक्षरं सातच. मी कॅलेंडरच्या पाठीवर कोळशाने तक्ता काढला आणि त्याला जटापाठ शिकवला, जसा वेद घोकतात तसा: म न, न म, म न, न क, क न, न क. पुढून, मागून, मधूनच. कुल्याश वहिनी पळीने कुठल्याही अक्षरावर ठोकायच्या आणि हा भिंतीकडे पाठ करून उत्तर द्यायचा. एकदा चुकला तर वहिनींनी पळी त्याच्या डोक्यावर ठोकली आणि विचारलं, “हे कुठलं अक्षर?” तो म्हणाला, “मोठं आहे, वरच्या ओळीतलं.” हसून हसून आमचा चहा सांडला.

तो पास झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या वयात अशी नजर मी पाहिलेली नाही.

त्याच दिवशी घरी येताना माझं हसू थांबलं. बसमध्ये अठरा मुलं असतात. बारा किलोमीटर रस्ता, मध्ये दोन वळणं आणि कालव्यावरचा तो कठडा नसलेला पूल. बोलायचं कुणाला? शाळेच्या समितीला सांगितलं तर त्याची नोकरी जाते, आणि साखरेची औषधं त्या पगारातून येतात. दुसरा ड्रायव्हर ह्या गावात नाही. बस बंद झाली तर मोठी मुलं चालत जातील, लहान घरी बसतील, मुली तर नक्कीच. मी वाट काढली. नाहीतरी मी त्याच बसने शाळेत शिकवायला जातो. मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसू लागलो आणि त्याचे डोळे झालो. मुलांना कळू नये म्हणून आम्ही सांकेतिक भाषा ठरवली. आता कोणती, ते तू ओळखलंच असशील. डावीकडे म्हणजे वामतः, उजवीकडे म्हणजे दक्षिणतः. गौः म्हणजे गाय मध्ये आली आहे. सेतुः म्हणजे पूल. आणि तिष्ठ म्हणजे थांब. मुलांना वाटायचं, गुरुजी प्रार्थना पुटपुटतात. हिवाळाभर हे चाललं. गावातली पोरं गुरांना हाकताना ‘तिष्ठ, तिष्ठ’ ओरडू लागली, तेव्हा मला वाटलं, काही नाही तरी एवढी सेवा माझ्या हातून घडली.

खरंच मी त्याला सेवा म्हणत होतो. रोज सकाळी बसमध्ये चढताना मला अगदी स्वच्छ वाटायचं. आमेलिया आजींच्या सूपासारखं माझंही एक पातेलं आहे असं वाटायचं.

वसंताची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी धुकं होतं. मी मांडीवर वह्या तपासत होतो. इतके महिने काही झालं नव्हतं ना, सवय झाली होती. मान वर केली तेव्हा पूल समोर होता आणि बस त्याच्या डावीकडे चालली होती. मी तिष्ठ म्हणालो नाही, किंचाळलो. पुढचं एक चाक काठाबाहेर जाऊन थांबलं. खाली बर्फ वितळून कालवा भरून वाहत होता. ओरिनबायने बस मागे घेतली. मागून पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शाळेशी उतरताना आयझान माझ्याजवळ रेंगाळली. दहा वर्षांची आहे, दुसऱ्या सीटवर बसते. हळूच म्हणाली, “गुरुजी, आज तुम्ही ‘तिष्ठ’ उशिरा म्हणालात.” मी विचारलं, म्हणजे? ती म्हणाली, “आम्ही रोज मोजतो. शेवटच्या पॉपलर झाडापासून चाळीस म्हटलं की पूल येतो. तुम्ही विसरलात तर आम्ही सगळे मिळून ओरडणार होतो. पण आज धुक्यात झाड दिसलंच नाही, म्हणून मोजणं चुकलं.” आणि मग, इर्मा, ती मला काय म्हणाली माहीत आहे? “ओरिनबाय आजोबांना सांगू नका हां. त्यांना वाईट वाटेल.”

म्हणजे सगळी बस जाणत होती. अठरा मुलं हिवाळाभर जीव मुठीत धरून मोजत होती, आणि घरी कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांना हे कुणी शिकवलं? मी प्रेम शिकवलं की खोटं शिकवलं? दोन्ही एकाच तासाला शिकवलं असेल तर गुण कसे द्यायचे?

सुट्टीत बस बंद होती म्हणून कुणालाच काही ठरवावं लागलं नाही. नवरोजला ओरिनबाय सणाच्या खिमटाचं पातेलं घेऊन आला. पुलाचं नाव काढलं नाही. चहाचा पेला नेहमी असतो तिथेच ठेवला होता, तरी त्याचा हात तो टेबलावर चाचपडत शोधत होता. मी म्हटलं, आता पुरे झालं, गाडी सोड, आपण दोघं मिळून मधमाश्या पाळू. तो म्हणाला, “माश्या मला दिसणार नाहीत, त्या मात्र मला बरोबर शोधतील.” मग म्हणाला, “जर्मन, तुझ्या देवाकडे माझ्यासाठी एखादा डोळा माग. त्याच्याकडे असतील पडलेले. आणि तो कागद झाला का?”

कागद म्हणजे समितीचं शिफारसपत्र. बसचा ड्रायव्हर योग्य आहे, असं दर सहा महिन्यांनी लिहून द्यायचं. गावाने मला समितीवर निवडलं, ते मी खोटं बोलत नाही म्हणून. तो कागद आता माझ्यासमोर टेबलावर आहे. बाकीच्यांच्या सह्या झाल्या आहेत. त्यांनी तो वाचलाही नसेल. वर माझं नाव बघितलं आणि सही ठोकली.

मी पाळकांना फोन केला. नाव न सांगता विचारलं. त्यांनी प्रेमाबद्दल दहा मिनिटं आणि सत्याबद्दल दहा मिनिटं सांगितलं, दोन्ही उत्तम, आणि लाइन गेली. आज उपासनेनंतर म्हाताऱ्यांपुढे गोष्ट ठेवली, दुसऱ्या गावची म्हणून. तिघी म्हणाल्या, सांगून टाकावं. तिघी म्हणाल्या, बिचाऱ्याच्या तोंडचा घास काढू नये. आमेलिया आजी झोपल्या होत्या. मी जागं करून विचारलं तर म्हणाल्या, “तू मला उगीच उठवलंस. तुला माहीत आहे.” मला माहीत असतं तर मी उठवलं असतं का? बाबांच्या आज्ञा मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही, हे पक्कं आहे. शेजाऱ्याच्या बाजूने खोटी साक्ष द्यायची की नाही, हे बाबांना विचारायचं राहून गेलं. आणि शेजारी कोण? पलीकडच्या घरातला, की दुसऱ्या सीटवर बसून चाळीसपर्यंत मोजणारी? चुलीजवळची जागा कुणाला द्यायची?

उद्या शाळा उघडते. बस साडेसातला निघते. सात वाजता मी त्याच्या फाटकाशी जाणार आहे. आधी त्याला सांगणार, मग समितीला, त्याच्या पाठीमागे नाही. मुलांना शाळेत कसं न्यायचं हे मला ठाऊक नाही. उद्यापुरतं घोडागाडीवाल्याशी बोललो आहे, परवाचं परवा. हे पत्र तुला पोचायला तीन आठवडे लागतात, तेव्हा सल्ल्यासाठी लिहिलेलं नाही हे तू समजलीच असशील. पाच महिने रोज मी ठरवलं आणि रोज फाटकातून परत फिरलो. टपालाची पेटी त्याच्या घराच्या अलीकडे आहे. हे तिच्यात पडलं की मग मला परत फिरता येणार नाही, म्हणून लिहिलं. आणि जे पाळकांना सांगितलं नाही ते तुला सांगतो. तुम्ही सगळे जर्मनीला निघून गेल्यावर ह्या गावात माझ्याशी बरोबरीने बोलणारा हा एकच माणूस उरला. तो उद्या माझ्या तोंडावर दार लावील, ह्याची मला फार भीती वाटते. ती मला पहिल्या दिवसापासून वाटत होती. मी तिलाच प्रेम म्हणत आलो असेन, आणि केवळ एकट्याने चहा प्यावा लागू नये म्हणून त्या मुलांना रोज पुलावरून नेत असेन, तर मी कसला माणूस आहे, हे मला कळत नाही.

तुझाच,
एवाल्ड